शाळेची आगोट

जून अर्ध्यावर आला की वसईच्या पट्ट्यात एक काम संपत आलेले असते आणि दुसरे सुरू व्हायचे असते. संपत आलेले काम आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे. वर्षाचा मसाला कुटून बरण्यांत दडपून भरला जातो, बोंबील-सोडे-करंदी उन्हे खाऊन डब्यांत जातात, कांद्याच्या माळा आढ्याला चढतात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो. आणि या सगळ्याच्या आधी, मे महिन्याच्या टळटळीत उन्हात, कोणीतरी शिडी लावून घरावर चढलेला असतो. फुटके कौल काढ, सरकलेले बसव, वासा ठोकून बघ, आवाज पोकळ आला तर बदल, झडीच्या अंगाला झाप बांध. ज्यांची घरे आता सिमेंटची झाली त्यांनीही हा रिवाज सोडलेला नाही. गच्चीवर डांबर लिंपले जाते, पन्हाळींतला पाचोळा निघतो, वरून पत्र्याची शेड चढते. पाऊस येणार हे ज्याला ठाऊक आहे त्याने छपराकडे पाहायचे, इतके साधे हे शहाणपण. ते आपल्याला कोणी पाठ करून घ्यायला लावले नाही. आपण ते पाहत पाहत वाढलो.

आणि सुरू व्हायचे असते ते शाळेचे वर्ष. वह्यांना खाकी कव्हरे, नव्या रेनकोटचा रबरी वास, गणवेश एक माप मोठाच घेतल्याची कुरकुर, पहिल्या दिवशी हातात गुलाबाचे फूल देऊन होणारा प्रवेशोत्सव. एक आवरते आणि दुसरे उघडते, मध्ये जेमतेम चार दिवस. इतक्या जवळ राहूनही या दोन गोष्टींची आपल्या मनात कधी गाठ पडली नाही. घराची आगोट घरचे करतात. शाळेची आगोट कोणी करायची?

यंदा पंचांगाने ज्येष्ठ दोनदा दिला. अधिक ज्येष्ठ, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, पंधरा जूनच्या अमावास्येला संपतो आणि त्याच सुमारास शाळेची घंटा वाजते. अधिकमास ही काळाने हिशेब जुळवण्यासाठी काढलेली सवड आहे. चंद्राचे वर्ष आणि सूर्याचे वर्ष यांतली तफावत दिवसादिवसाने साठत जाते, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जास्तीचा घालून ती भरून काढावी लागते. तशी ती भरली नाही तर दिवाळी पावसात येईल आणि श्रावण उन्हाळ्यात, हे जुन्यांनी ओळखले होते. आपण या महिन्यात जावयाला अनारसे देतो, दीपदान करतो, आणि दिलेले दुणावते असे मानतो. शाळांच्या इमारतींतली तफावतही अशीच साठत आली आहे. तिच्यासाठी मात्र कोणत्याही पंचांगात अधिक महिना नाही. उलट गेल्या वर्षी तर पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला आणि ज्यांची आगोट राहिली होती त्यांची धावपळ उडाली. घरातला माणूस धावपळ करून का होईना, कौले चाळून घेतो. सरकारी दुरुस्तीची गाडी वेगळ्याच रुळांवरून चालते: मार्चअखेरची मंजुरी, एप्रिलची निविदा, मेअखेरचा कार्यादेश आणि जूनचा चिखल.

वसईतली जुनी माणसे अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. लोकल बोर्ड जाऊन, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषद येऊन चौसष्ट वर्षे झाली, तरी शब्द टिकून आहे. आणि शब्द टिकतो तिथे कुठेतरी मायाही टिकलेली असते. ती शाळा डोळ्यांसमोर आणायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. लांबट इमारत, मंगलोरी कौले, पुढे पडवी, पडवीच्या खांबांवर सुविचार, दर्शनी भिंतीवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी पुसट अक्षरे, ध्वजस्तंभाचा चुना लावलेला कट्टा, आणि मागे केव्हातरी वाढवलेली स्लॅबची एक खोली, जी बहुतेक वेळा जुन्या कौलारू खोलीपेक्षा आधी गळू लागते. लाकडाला वाळवी लागते तर ती दिसते, भुसा पडतो. सळईला गंज लागला तर तो खाऱ्या वाऱ्याने आतल्या आत वाढतो, आणि प्लॅस्टरचा पोपडा मुलाच्या वहीवर पडेपर्यंत कोणाला कळत नाही.

बोर्डाच्याही आधी लोकल फंड होता. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जास्तीचा घेतला जाऊ लागला, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला. गावाने गावच्या शाळेसाठी वेगळी पट्टी भरायची ही कल्पना आपल्याकडे अशी दीडशे वर्षांहून जुनी आहे. त्या पट्टीचे पुढे काय होते हा प्रश्नही तितकाच जुना. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्याचा रोख नेमका इथे होता: महसूल येतो कष्टकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च झुकतो वरच्या वर्गाकडे, प्राथमिक शाळेच्या वाट्याला उरलेसुरले येते. एकशे चाळीसहून अधिक वर्षांनी हे वाचताना आपल्याला इतिहासाचा वास यायला हवा होता. येतो तो ओल धरलेल्या भिंतीचा.

कारण पट्टी आपण आजही भरतो. घरपट्टीचे बिल उघडून पाहावे. सर्वसाधारण कर, वृक्ष कर अशा ओळींच्या रांगेत ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. १९६२ सालच्या कायद्याने आलेला हा कर महापालिका आपल्याकडून घेते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. आपण बिलाची खालची बेरीज वाचतो, कपाळाला आठ्या घालतो, मुदतीत भरले तर सूट किती हे पाहतो आणि कागद फाइलमध्ये टाकतो. मधली ओळ वाचत नाही. वाचली असती तर निदान इतके तरी मनात आले असते, की ज्या अर्थी मी शाळेसाठी पैसे देतो त्या अर्थी शाळा माझीही कोणी लागते.

२००९ हे वर्ष या बाबतीत विलक्षण होते. १३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने अविनाश मेहरोत्रा खटल्यात निकाल दिला, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. मूल शाळेत जाते ते जिवाची जोखीम घेऊन नव्हे. ३ जुलैला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका जन्माला आली. आणि ऑगस्टमध्ये शिक्षणहक्काचा कायदा झाला, जो १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात शाळा कशी असावी हे लिहून ठेवले आहे: कोणत्याही ऋतूत टिकेल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अपंग मुलाला आत येता येईल असा रस्ता, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपणाची भिंत. हे सारे करायला तीन वर्षांची मुदत होती. ती मार्च २०१३मध्ये संपली. एकाच वर्षी न्यायालयाने हक्क दिला, संसदेने मापे दिली आणि आपल्याला नवे शहर मिळाले. पत्रिका जुळावी अशी ही वेळ. लग्न मात्र लागले नाही.

लागले नाही त्याचे कारण कायद्यात कमी आणि पत्त्यात जास्त आहे. महापालिका अधिनियमाचे ६३वे कलम प्राथमिक शाळा हे महापालिकेचे बंधनकारक काम मानते. पण नव्या महापालिकेच्या हद्दीतल्या शाळा होत्या जिल्हा परिषदेच्या, शंभराहून अधिक; आणि महापालिकेला पंधरा वर्षे पुरी झाली तेव्हाही त्या तशाच होत्या. हस्तांतरणाची चर्चा दर काही वर्षांनी उठे. जागा कोणाच्या नावावर, शिक्षकांची ज्येष्ठता कुठे धरायची, पगाराचा भार कोणी उचलायचा, हे प्रश्न खोटे नाहीत. शिक्षकाच्या जागी आपण असतो तर आपणही आधी सेवापुस्तक कुठे जाते ते विचारले असते. मध्येच १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि नालासोपाऱ्यातल्या शाळेची जिल्हा परिषद बदलली. तिचे छप्पर तेच राहिले.

आपल्याकडे म्हण आहे, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. तिचा याहून नेमका प्रत्यय शोधूनही सापडणार नाही. पालघरच्या कार्यालयातून पाहिले तर वसई-विरारमधली शाळा ही श्रीमंत महापालिकेतली शाळा, तिथे पैसा पोचवण्यापेक्षा मोखाड्यातल्या नाहीतर जव्हारमधल्या शाळेला एक खोली मिळाली तर बरी. आणि त्यात चूक तरी काय म्हणावी? विरारच्या मुख्यालयातून पाहिले तर तीच शाळा परक्या घरची, तिच्यावर आपल्या अंदाजपत्रकातला पैसा कोणत्या शीर्षाखाली घालायचा? दोन्हीकडचा माणूस प्रामाणिकपणे आपापल्या फाइलीला जागतो, आणि मधल्या मध्ये पाचवीचा वर्ग पडवीत भरतो. कोणा एकाचा दुष्टावा असता तर लिहायला सोपे गेले असते.

आता थोडे पैशाचे. समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते, ते पटावरून ठरते. तीस मुलांपर्यंत १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख. यातून खडू-फळा, स्वच्छतेचे साहित्य, विजेचे बिल, बंद पडलेली उपकरणे आणि किरकोळ दुरुस्ती असे सगळे भागवायचे, आणि निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवरच घालायचा. नव्वद पटाच्या शाळेचे मुख्याध्यापक या पंचवीस हजारांत छपराचे किती वासे बदलू शकतील, याचा हिशेब ज्यांनी यंदा स्वतःच्या घराची गच्ची लिंपून घेतली त्यांनी मनातल्या मनात करावा. मोठ्या कामासाठी प्रस्ताव जातो. खोली वापरण्याजोगी राहिली नसेल तर तिचे आधी ‘निर्लेखन’ व्हावे लागते. शब्द मोठा शांत आहे. धोकादायक ठरलेली खोली कागदावरून पुसली जाते, नवी खोली कागदावर उमटायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात जुनी खोली आपल्या जागी तशीच उभी असते, दाराला कुलूप, कुलपावर गंज, आणि सुट्टीत चेंडू आत गेला की खिडकीतून उडी मारणारी मुले.

गेल्या जानेवारीत, १५ तारखेला, साडेपाच वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर आपण महापालिकेसाठी मतदान केले. कुठे केले? बहुतेकांनी शाळेत. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही. मतदान केंद्र म्हटले की उताराचा रस्ता हवा, पाणी हवे, दिवा हवा, स्वच्छतागृह चालू हवे, अशी यादी असते, आणि त्या दिवसापुरती ती बऱ्याच अंशी पाळलीही जाते. आदल्या दिवशी वायरमन येऊन लोंबकळता दिवा नीट करतो. वृद्धांच्या चाकाच्या खुर्चीसाठी फळी टाकली जाते. दुसऱ्या दिवशी मुले परत येतात तेव्हा फळी गेलेली असते. एका दिवसाच्या मतदाराला जे देता येते ते सबंध वर्षभर येणाऱ्या मुलाला देता येत नाही, याला पैशाचे कारण पुरेसे नाही. मतदार विचारतो आणि सहा वर्षांचे मूल विचारत नाही, हेच खरे.

अमेरिकेत ज्यांची मुले-नातवंडे स्थायिक झाली आहेत त्यांना तिथली एक चाल ऐकून माहीत असेल. तिथे कित्येक गावांत शाळांचे छप्पर, दारांची कुलुपे, आगीचे भोंगे, भूकंपाला टिकणाऱ्या भिंती यांसाठी कर्जरोखे काढायचे की नाही हे मतपत्रिकेवर विचारले जाते. रक्कम किती, ती कशावर खर्च होणार आणि प्रत्येकाच्या घरपट्टीत किती भर पडणार हे आधी छापावे लागते. कॅलिफोर्नियात तर अशा प्रस्तावाला पूर्वी दोनतृतीयांश मते लागत. २००० सालच्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनीच ही अट, खर्चावर नागरिकांची देखरेख राहील या बोलीवर, ५५ टक्क्यांवर आणली. कधी प्रस्ताव पडतो, कधी उभा राहतो. म्हातारी माणसे म्हणतात, आमची पोरे केव्हाच शिकली, आता आम्ही का भरावे? वाद होतात, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. ही चाल जशीच्या तशी उचलावी असे आपल्याला वाटत नाही. कर्ज काढणाऱ्याला ते फेडावेही लागते, आणि ज्या गावची घरे स्वस्त त्या गावची शाळाही स्वस्तच राहते, हा त्या व्यवस्थेतला काटा आहे. आपल्याकडे महापालिकांनी कर्जरोखे काढलेच नाहीत असेही नाही. पुण्याने २०१७मध्ये पाणीयोजनेसाठी दोनशे कोटींचे काढले. शाळेच्या कौलांसाठी कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. पण त्या परक्या चालीतली एक गोष्ट मनात घर करून राहते. तिथे निदान विचारतात. छप्पर गळते आहे, दुरुस्तीला इतके लागतील, द्याल का, असा प्रश्न प्रत्येक घराच्या दारात येतो. आणि ‘नाही’ म्हणायचे तरी एकदा छपराकडे पाहून म्हणावे लागते.

आपल्याला असे कोणी विचारत नाही, अशी तक्रार करायला जीभ उचलावी तर शिक्षणहक्काचा कायदाच आडवा येतो. त्याने सोळा वर्षांपूर्वीच विचारून ठेवले आहे. २१व्या कलमाखाली प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. २२वे कलम सांगते की या समितीने शाळेचा विकास आराखडा करावा, आणि सरकारने वा स्थानिक संस्थेने द्यायच्या अनुदानाला आधार धरायचा तो याच आराखड्याचा. म्हणजे कागदावर क्रम उलटा आहे: वरून पैसे येणार आणि खाली वाटले जाणार असा नव्हे, तर खालून आई-बाप सांगणार आणि वरचे त्याप्रमाणे देणार. हा आपल्याकडचा मतदानाचा हक्कच होता. फक्त त्याला बोटावर शाई नव्हती म्हणून तो आपल्या ध्यानात आला नाही. बैठकीचे इतिवृत्त तयार असते, सह्या घ्यायला शिपाई घरी येतो, मजुरीला निघालेली आई दारात उभ्या उभ्या सही करते. आराखड्यात काय लिहिले आहे हे तिने विचारावे, असे तिला कोणी सांगितलेले नसते. आणि विचारले तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

त्या आईच्या जागी आपण नाही, ही या सगळ्या गोष्टीतली अवघड जागा. हा अग्रलेख वाचणाऱ्या घरांतली मुले बहुधा बोर्डाच्या शाळेत नाहीत. आपले आजोबा तिथे शिकले, आईवडील तिथे शिकले, त्या पाटी-पेन्सिलीच्या आठवणी आपण सणासुदीला काढतो. आणि आपली मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढवून देतो. बोर्डाच्या शाळेच्या पटावर आज आहेत ती वाडीवरल्या मजुराची, वीटभट्टीवर आलेल्या कातकऱ्याची, नालासोपाऱ्याच्या चाळीत उत्तरेतून येऊन राहिलेल्या रंगाऱ्याची मुले. शाळा आपल्याला परकी झाली ती महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्या भांडणात नव्हे. त्याच्या आधीच, आपण मुलाचा दाखला काढून नेला त्या दिवशी. ज्याला शक्य आहे त्याने मुलासाठी बरे ते निवडले, त्याला दोष कसा द्यावा? पण छपरावर चढणारी माणसेही त्याच दाखल्याबरोबर निघून गेली, एवढे तरी कबूल करायला हवे. चर्चच्या, म्हणजे धर्मग्रामांच्या शाळांकडे पाहावे. त्यांच्याकडे पैशाची खाण नाही, पण रविवारी मिस्साला येणारी माणसे त्याच अंगणातून जातात, भिंतीला तडा गेला तर तो निदान शंभर डोळ्यांना दिसतो.

दान करायला आपण कमी पडतो असे मात्र नाही. दप्तरे वाटली जातात, वह्या वाटल्या जातात, संगणक येतात, वाढदिवसाला जेवण घातले जाते, भिंती रंगवून ‘बोलक्या’ केल्या जातात. बोलक्या भिंती हा तर आपल्या काळाचा आवडता उद्योग. ‘अ’चे अननस, ज्ञानेश्वरांची भिंत, सूर्यमाला, पाढे, सगळे रंगीत, फोटोला छान. भिंत काय बोलते ते मुले वाचतात, तुळई काय बोलते ते ऐकायला कोणी नाही. दात्याचे नाव कोरायला पाण्याच्या टाकीवर जागा मिळते, बदललेल्या सळईवर ती कशी मिळणार? हे तिरकस लिहिले खरे, आणि देणाऱ्याचा हात धरावा असा हेतू नाही. पण ज्या कामावर नाव लागत नाही ते काम वर्गणीतून होत नाही, हा आजवरचा अनुभव आहे, आणि म्हणून ते करातूनच व्हावे लागते.

आपले कशावाचून अडले आहे हे समजायला दूर जायला नको. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत झावळ्यांच्या छपराखाली चौऱ्याण्णव मुले जळाली. वर सांगितलेला २००९चा निकाल त्या राखेतून आला. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचे छप्पर पावसात कोसळून तीन मुले गेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातल्या पिपलोदीत सात गेली. वरून खडे पडताहेत असे मुलांनी आधी सांगितले होते, अशी बातमी तेव्हा आली. आणि त्यानंतर महिन्याभराने, हरितालिकेच्या रात्री, गणपती दुसऱ्या दिवशी घरात यायचे असताना, आपल्याच विरारच्या विजयनगरात एक इमारत शेजारच्या चाळीवर बसली आणि सतरा माणसे तिच्याखाली संपली. ती काही शंभर वर्षांची वास्तू नव्हती. या शहरात वास्तूचे वय तिच्या विटांवरून मोजता येत नाही, बांधणाऱ्याच्या घाईवरून मोजावे लागते. शाळाही याच शहरात, याच खाऱ्या हवेत उभ्या आहेत. सरकारी, खासगी, आणि शिक्षण विभागाच्या अनधिकृत शाळांच्या यादीत ज्यांची नावे येतात त्या तळमजल्याच्या गाळ्यांतल्या शाळासुद्धा.

सुरक्षितता ही केवळ सिमेंटची गोष्ट नाही, हेही आपण विसरू शकत नाही. गेल्या नोव्हेंबरात, बालदिनाच्याच रात्री, वसईतली सहावीतली एक मुलगी गेली. शाळेत उशिरा आल्याबद्दल तिला उठाबशा काढायला लावल्यानंतर ती आजारी पडली असे घरच्यांचे म्हणणे होते. त्या प्रकरणाचा निवाडा करायची जागा ही नाही. पण भिंत पक्की असून माणूस कच्चा असला तर मूल तिथेही उघड्यावरच असते.

कोणी म्हणेल, शाळेला इमारत हवीच कशाला? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारला गेला आहे आणि त्याचे सुंदर उत्तरही इथेच दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या; मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेऊ या, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीची पहिली पावलेही याच मातीत उमटली. भिंतींवाचून शाळा होते, हे पालघरने जगाला दाखवले. २०१८च्या अखेरीपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा धुंदलवाडीच्या बाजूला मुले काही काळ तंबूत आणि झाडाखाली बसली, तेव्हाही शाळा चालूच राहिली. पण कोसबाडला वर आभाळ होते. आभाळ कोसळत नाही. नालासोपाऱ्यात झाडच उरले नाही, कुरण तर आरक्षणाच्या नकाशावरूनसुद्धा नाहीसे होते. तिथे मुलाला छपराखालीच बसावे लागते, आणि छप्पर म्हटले की त्याची आगोट आली.

शिवाय या इमारती फक्त मुलांच्या नाहीत. जुलै २०१८मध्ये वसई कित्येक दिवस पाण्यात आणि अंधारात होती, मिठागरातली माणसे अडकून पडली होती, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी लोकांना न्यायचे कुठे, या प्रश्नाला प्रत्येक गावाचे पहिले उत्तर शाळा हेच असते. लसीकरण शाळेत, जनगणनेची बैठक शाळेत, मतदान शाळेत. आपले सार्वजनिक आयुष्य ज्या छपराखाली उभे राहते ते छप्पर आपण फक्त संध्याकाळी साडेपाचपर्यंत मुलांना उसने दिलेले असते, असे म्हणायलाही हरकत नाही.

३ जुलैला महापालिकेला सतरा वर्षे पुरी होतील. वर्धापनदिनाला रोषणाई होईल, भाषणे होतील. त्या दिवशी प्रत्येक प्रभागातल्या नगरसेवकाने आपल्या हद्दीतल्या शाळेत, ती कोणाच्याही नावावर असो, जाऊन एक कागद दर्शनी भिंतीवर लावावा: इमारत कधी बांधली, तिची संरचना तपासणी कोणत्या तारखेला झाली, तपासणाऱ्याने काय लिहिले, आग विझवण्याची नळकांडी कधी भरली, कोणती खोली बंद आणि का, आणि विकास आराखड्यातली कोणती मागणी कोणत्या टेबलावर आहे. एक पानाचा कागद. त्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, हस्तांतरण पुरे व्हायची वाट पाहावी लागत नाही. कागदाने छप्पर दुरुस्त होणार नाही हे आपल्यालाही कळते. पण घरपट्टीच्या बिलातली ती मधली ओळ आणि भिंतीवरचा हा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचता आले, तर पुढचा प्रश्न विचारणे अवघड जात नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका संध्याकाळी सातला ठेवाव्यात, म्हणजे कुणाचा रोज बुडणार नाही.

पूर्वी आगोटीच्या दिवसांत गावातली एखादी आजी कुणाकडे गेली की उंबऱ्यात थांबून आधी वर पाहायची. पाणी नंतर, गूळ नंतर. चाळली का रे कौले, हा पहिला प्रश्न. आणि घर कोणाचेही असो, उत्तर द्यावे लागायचे. परवा नातवाला सोडायला आलेल्या आज्या शाळेच्या फाटकाशी छत्र्या धरून उभ्या असतील. फाटकाच्या आत सहसा कोणी जात नाही. आत पडवीत मुले प्रार्थनेला उभी राहतील, सरी येईल, आणि रांगेतली दोन-चार मुले, कोणी न सांगता, एक पाऊल डावीकडे सरकतील, कारण कुठे ठिबकते ते त्यांना गेल्या वर्षीपासून ठाऊक आहे.